ऑटोकॉन्फ: जुने, किचकट, तरीही पोर्टिंगसाठी भरवशाचे

एका युनिक्ससदृश प्रणालीवर सुरळीत बिल्ड होणारा (म्हणजे सोर्स कोडपासून तयार होणारा) प्रोग्रॅम दुसरीवर नेताना अडतो, तेव्हाच ग्नू ऑटोकॉन्फचा, म्हणजे प्रणालीत काय उपलब्ध आहे हे तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाचा, कस लागतो. 1991 पासून वापरात असलेले हे साधन किचकट आणि संथ आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ते ज्यांवर उभे आहे त्या एम4 भाषेतल्या मॅक्रोंची (मोठ्या कोडमध्ये उलगडणाऱ्या छोट्या आज्ञांची) गुंतागुंत पाहता ती खोटी नाही. परंतु बिल्ड नेमके कुठे बिघडले हे शोधण्यासाठी ते जेवढा पुरावा मागे ठेवते, तेवढा मला फार थोड्या साधनांकडून मिळतो.

हा पुरावा कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये असतो. एखादी गोष्ट सापडली नाही की कॉन्फिगर स्क्रिप्ट पडद्यावर नुसते ‘नो’ छापते. लॉगमध्ये मात्र चाचणीचा छोटा सी प्रोग्रॅम, कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिलेली संपूर्ण कमांड आणि कंपायलरने दिलेली एरर हे सगळे सापडते. 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 या कंपायलरने पूर्वी केवळ वॉर्निंग देऊन सोडलेल्या काही जुन्या सवयी एरर ठरवल्या. बऱ्याच जुन्या चाचण्यांत ‘मेन’ फंक्शनच्या आधी ‘इंट’ लिहिलेले नसते. अशी चाचणी नव्या कंपायलरवर त्याच कारणाने कोसळते आणि फंक्शन सिस्टिममध्ये असूनही ते नाही, असा निष्कर्ष कॉन्फिगर काढते. बिल्ड मग भलत्याच फाइलमध्ये, भलत्याच एररने थांबते. म्हणून शेवटच्या एररमागे धावण्यापूर्वी लॉगमध्ये त्या फंक्शनचे नाव शोधावे, असा माझा आग्रह आहे. ऑटोकॉन्फच्या नव्या आवृत्तीने ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने तयार करणारी कमांड) चालवल्यास ऑटोकॉन्फच्या स्वतःच्या चाचण्या सुधारतात. प्रकल्पाने हाताने लिहिलेल्या चाचण्या मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

फंक्शन कोणत्या लायब्ररीत आहे, हा प्रश्नही ऑटोकॉन्फ चांगला हाताळते. सोलारिसवर सॉकेटची (नेटवर्क जोडणीची) फंक्शन्स दीर्घकाळ वेगळ्या लायब्ररीत होती, तर ग्लिबसी (ग्नूची सी लायब्ररी) 2.34 ने थ्रेड आणि डायनॅमिक लोडिंगची फंक्शन्स मुख्य लायब्ररीतच आणली. लायब्ररी शोधणारा मॅक्रो वापरलेला असेल, तर दोन्हीकडे एकच स्क्रिप्ट चालते.

उणीव जाणवते ती क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करताना. चाचणीचा प्रोग्रॅम तिथे चालवता येत नसल्याने कॉन्फिगरला अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला की ‘आरपीएल_मॅलॉक’ (मेमरी देणाऱ्या ‘मॅलॉक’ फंक्शनचा पर्याय) सापडत नाही अशी लिंकरची (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या साधनाची) एरर येते, जिचा मूळ कारणाशी संबंध नवख्याला लागणे अवघड आहे. योग्य उत्तर कॅश व्हेरिएबलमधून (चाचणीचे उत्तर साठवणाऱ्या चलातून) आधीच देता येते, पण ही सोय सहज लक्षात येईल अशी मांडलेली नाही.

मेकफाइलमध्ये (‘मेक’ला बिल्डच्या पायऱ्या सांगणाऱ्या फाइलमध्ये) केवळ ग्नू मेकला कळणारी वाक्यरचना असेल, तर ऑटोकॉन्फ काही करू शकत नाही. फ्रीबीएसडीवर अशा वेळी ‘मेक’ऐवजी ‘जीमेक’, म्हणजे ग्नू मेक, चालवावे. आणि कॉन्फिगर नवा प्रोसेसरच ओळखत नसेल, तर संपूर्ण स्क्रिप्ट बदलण्याआधी कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या प्रणालीचा प्रकार ओळखणाऱ्या दोन फाइल्सच्या ताज्या प्रती ठेवून पाहाव्यात.