निओ स्कॉर्चर बगी: आठ महिने, जांभ्याची धूळ आणि सोळा बेअरिंगे

टामिया कंपनीच्या टीटी-०२बी चॅसीवरचा (सांगाड्यावरचा) निओ स्कॉर्चर हा रिमोटवर चालणाऱ्या बगीचा (ओबडधोबड जमिनीवर धावणाऱ्या गाडीचा) १/१० प्रमाणाचा किट मी आणि माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जुळवला. आता मृगाच्या तोंडावर त्याला आठ महिने होत आहेत. मुलाने पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक बॅटरीची, म्हणजे एका चार्जवर गाडी चालवण्याच्या प्रत्येक खेपेची, नोंद ठेवली असून ती संख्या आज ९४ आहे. यांतल्या निम्म्याहून अधिक बॅटऱ्या पुण्यात आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत संपल्या. उरलेल्या संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी, कापणीनंतर रिकाम्या झालेल्या भाताच्या खाचरांत आणि मे महिन्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या कातळावर) संपल्या. इतक्या वापरानंतर माझे मत ठाम झाले आहे. घर्षण कमी करण्यासाठी आणि धूळ बाहेर ठेवण्यासाठी केलेला प्रत्येक रुपया कामी आला, आणि वेग वाढवण्यासाठी केलेला खर्च जवळजवळ सगळाच अनावश्यक होता.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकच्या एकसंध टबात डाव्या बाजूला बॅटरी, उजव्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स आणि मागे मोटर बसते. मधून जाणारा एकच शाफ्ट पुढच्या आणि मागच्या गिअरबॉक्सना जोडतो, त्यामुळे चारही चाकांना शक्ती मिळते. चारही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. नावातला ‘स्कॉर्चर’ हा शब्द १९७९ साली आलेल्या सँड स्कॉर्चर या बगीची आठवण करून देतो, पण यंत्ररचनेच्या दृष्टीने दोन्ही गाड्या अगदी वेगळ्या आहेत. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्वो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, आणि बजेट ठरवताना नवखा माणूस नेमका हाच भाग विसरतो.

जोडणीला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. माहितीपत्रकात शब्द कमी आणि आकृत्या भरपूर असल्यामुळे मुलाला ती माझ्याआधी समजत होती. मात्र दोन गोष्टी आकृतीवरून कळत नाहीत. पहिली म्हणजे स्क्रूंच्या डोक्यावरची खाच जपानी मापाची असते. घरातला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर ही मी या छंदासाठी केलेली सर्वांत योग्य खरेदी आहे. दुसरी म्हणजे हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात. एकदा काढलेला स्क्रू पुन्हा लावताना आधी तो उलटा फिरवावा, आट्यात पडल्याची बारीकशी टिक जाणवली की मग सुलटा आवळावा. हे मला तिसऱ्या महिन्यात समजले. तोपर्यंत मागच्या गिअरबॉक्सच्या एका छिद्रातले आटे माझ्याच घाईमुळे गेले होते, आणि तिथे मला थोडा लांब स्क्रू वापरावा लागला. बॉडी पॉलिकार्बोनेटची असून तिला आतल्या बाजूने रंग द्यायचा असतो, म्हणून गडद रंग आधी आणि फिका नंतर मारावा. रंगापूर्वी भांड्यांच्या साबणाने ती स्वच्छ धुतली, तर रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. आमचे एकही पापुद्रे निघालेले नाहीत.

आता बेअरिंगांविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या गाडीचे आयुष्य तिथेच ठरते. किंमत आवाक्यात राहावी म्हणून किटमध्ये फिरत्या भागांसाठी बेअरिंगांऐवजी बुश (आस ज्यात फिरतो ती साधी कडी) दिलेले असतात. सपाट आणि स्वच्छ जागेवर ते पुष्कळ दिवस चालतील. पण सड्यावरची तांबडी धूळ निराळी आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि त्याची बारीक कणी बुश व आस यांच्यामध्ये शिरली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. डिसेंबरात गावाहून परतल्यावर पुढचे चाक हाताने हलवून पाहिले, तेव्हा ते स्पष्टपणे लटपटत होते. त्यानंतर आम्ही आतून ५ मिमी, बाहेरून ११ मिमी आणि ४ मिमी जाडीची सोळा बेअरिंगे बसवली. हे काम जोडणीच्या वेळीच केले असते तर दोन्ही गिअरबॉक्स पुन्हा उघडावे लागले नसते. फरक पहिल्याच बॅटरीत दिसला: गाडी उचलून चाकाला टिचकी मारली तर ते कितीतरी वेळ फिरत राहते, मोटर पूर्वीइतकी तापत नाही आणि एका बॅटरीवर गाडी वहीतल्या नोंदींप्रमाणे सरासरी तीन मिनिटे जास्त चालते. बेअरिंगे घेताना धातूच्या झाकणाऐवजी रबरी सील असलेली घ्यावीत. ती फिरताना किंचित जड वाटतात, पण आपल्याकडच्या धुळीत तीच टिकतात. दर दहा-बारा बॅटऱ्यांनंतर मी चाकांतली आठ बेअरिंगे काढतो, सील सुईने अलगद उचलतो, आत साचलेली घाण धुऊन काढतो आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडतो.

शॉकॲब्सॉर्बर हा या किटमधला मला सर्वाधिक आवडलेला भाग आहे, कारण इथे पैशापेक्षा सबुरीने जास्त काम होते. तेल भरल्यावर दांडा अगदी सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्यावे लागतात आणि मग शॉक काही वेळ उभा ठेवावा लागतो. पहिल्या वेळी आम्ही ही पायरी पाच मिनिटांत उरकली. त्यामुळे एका शॉकमध्ये हवा राहिली, दाबल्यावर तो फसफसत असे आणि खाचराच्या बांधावरून उतरताना गाडी नेहमी एकाच बाजूला उसळत असे. पुन्हा भरताना चारही शॉक रात्रभर उभे ठेवले आणि तक्रार संपली. तपासायची माझी पद्धत साधी आहे: गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडावी, ती खाली बसून पुन्हा न उसळता स्थिर व्हावी. मे महिन्याच्या उन्हात तेल पातळ होते, म्हणून आता आम्ही उन्हाळ्यासाठी एक पायरी घट्ट सिलिकॉन तेल वापरतो.

डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअररचनेच्या) बाबतीत अनुभव थोडा गुंतागुंतीचा आहे. सड्यावर दगडावरून जाताना पुढचे एक चाक हवेत उचलले गेले की पुढच्या भागाला मिळालेली शक्ती त्याच मोकळ्या चाकाकडे जाते आणि जमिनीवरचे चाक जवळजवळ निष्क्रिय होते. यावर उपाय म्हणून पुढच्या डिफरन्शियलमध्ये घट्ट ग्रीस भरले आणि मागचे मोकळे ठेवले. त्यामुळे चढावर गाडी सरळ ओढत जाते, पण वळणात शिरताना पूर्वीपेक्षा रुंद जाते. मुलाला हा बदल फारसा आवडलेला नाही, मला आवडलेला आहे, आणि सध्या तरी ग्रीस तसेच आहे.

स्टिअरिंगमध्ये काही महिन्यांनी प्ले (सैलपणा) वाढला. सांधे प्लास्टिकचे असल्यामुळे आणि धूळ त्यांच्यातही शिरत असल्यामुळे हे अपेक्षितच होते. ॲल्युमिनियमचा स्टिअरिंग सेट आणि धातूच्या गिअरचा सर्वो बसवल्यावर गाडी पुन्हा सरळ रेषेत धावू लागली. धातूचा सर्वो घेतला तरी सर्वो सेव्हर मात्र काढू नये. चाक दगडावर आपटल्याचा धक्का तोच झेलतो, आणि तो नसेल तर तोच धक्का थेट सर्वोच्या दात्यांवर बसतो.

वेगासाठी मी दोन गोष्टी केल्या. आधी मोटरवरचे पिनियन (लहान दातेरी चाक) मोठे केले, त्यानंतर मिनिटाला जास्त फेरे घेणारी मोटर घेतली. सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर गाडी निश्चितच वेगाने पळाली. पण खाचरातल्या धसकटांमध्ये तिचा उपयोग झाला नाही, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली आणि बॅटरी लवकर संपली. ओबडधोबड जमिनीवर कमाल वेग गाठण्याइतके अंतरच मिळत नाही, तिथे कमी वेगातली ओढ महत्त्वाची असते. महिनाभरात आम्ही मूळ पिनियन आणि मूळ मोटर परत बसवली.

धुळीचा बंदोबस्त मात्र अजून पूर्ण झालेला नाही. टबाच्या तळाशी, मधल्या शाफ्टजवळ बारीक खडे अडकतात आणि चालताना कटकट असा आवाज येतो. तो ऐकू येताच गाडी थांबवावी. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा टबाच्या उघड्या भागावर ताणून बसवल्यापासून खडे येणे जवळपास थांबले आहे. मोटरभोवतीचा भाग मात्र मी मोकळा ठेवला, कारण तिला हवा लागते. डॉगबोनच्या (गिअरबॉक्सकडून चाकाकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) टोकांना आम्ही आधी भरपूर ग्रीस लावत होतो. त्या ग्रीसवर धूळ चिकटून लगदा तयार होत असे, म्हणून आता ती टोके जवळजवळ कोरडी ठेवतो. पाण्याचा फवारा आम्ही कधीच मारत नाही. रंगाचा ब्रश आणि हवेचा पंप पुरतो.

बॅटरीबाबत मी लिथियम पॉलिमरकडे वळलो नाही. ती हलकी असते आणि जोरही जास्त देते, पण ती मर्यादेखाली उतरू न देणे, साठवताना प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवणे आणि चार्जिंगच्या वेळी समोर बसून राहणे आवश्यक असते. मुलगा स्वतः बॅटरी चार्ज करतो, म्हणून ७.२ व्होल्टच्या दोन निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या आम्हाला पुरेशा आहेत.

सध्या गाडी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सुटी केलेली आहे. पुढच्या चाकांतली दोन बेअरिंगे खरखरत असल्यामुळे नवी मागवली आहेत. पुढच्या डाव्या बाजूचा डॉगबोन ज्या कपात बसतो तिथे झिजला आहे आणि त्याच्या जागी युनिव्हर्सल शाफ्ट (सांधा असलेला दांडा) बसवायचा विचार आहे. शॉकमधले तेल काढून टाकले आहे, ते आता भात कापून झाल्यावरच भरू. वहीच्या पुढच्या पानावर मुलाने ९५ हा आकडा आधीच लिहून ठेवला आहे.