ऑइलपेंट की प्लास्टिक? स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतींसाठी

"ऑइल मारायचं की प्लास्टिक?" रंगाऱ्याच्या या प्रश्नाला दोन्ही खोल्यांसाठी एकच उत्तर देऊ नका. मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला त्रास तेलाचा, बाथरूमला पाण्याचा.

डिस्टेंपर दोन्हीकडे बाद. स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने जरा जोरात पुसलं की रंगच फडक्यावर येतो.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्स संपतात तिथून छतापर्यंत फोडणीचा चिकट थर बसतो. ऑइलपेंटवरून तो साबणाच्या पाण्याने मस्त निघतो, यात वाद नाही. पण टर्पेंटाइनचा वास घरभर राहतो, एक हात वाळायला रात्र जाते, आणि पांढरा रंग हळूहळू पिवळा पडतो. उजेड कमी असेल तिथे जास्तच. सॅटिन फिनिशचा (मंद चकाकीचा) प्लास्टिक पेंट, म्हणजे इमल्शन, महाग असला तरी पिवळा पडत नाही, दुसरा हात काही तासांत मारता येतो आणि पुसलाही जातो. मी सॅटिनच घेईन. मॅट दिसायला छान, पण डाग घासला की तेवढाच भाग चकाकतो.

बाथरूममध्ये टाइल्स बहुतेक दाराच्या उंचीपर्यंत असतात. म्हणजे प्रश्न उरतो छताचा, आणि तिथे रंगाआधी ओल कुठून येते ते बघा. छताच्या कोरड्या भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब छताकडच्या बाजूला आले तर पाणी वरून झिरपतंय. मग कुठलाही रंग टिकणार नाही. ऑइलपेंट तर ओल आत कोंडतो आणि फुगे येऊन पोपडे पडतात. आधी वरच्या मजल्यावरच्यांशी बोला. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. (ते लगेच ऐकतील असं मात्र नाही.)

थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती गिझरच्या पाण्याची वाफ. एक्झॉस्ट फॅन लावा आणि बुरशीरोधक इमल्शन घ्या. काळे ठिपके आधी ब्लीचच्या पाण्याने धुवून छत पूर्ण वाळवा. त्याच वेळी टाइल्सना ॲसिड लावू नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो. लांबी (पुट्टी) व्हाइट सिमेंटची भरा, पीओपीची नको. ते पाण्याला टिकत नाही.

गणपतीआधी घर रंगवायची हौस समजते, पण पावसाळ्यात भिंत आतून वाळत नाही. या दोन खोल्या दिवाळीनंतर रंगवायला काढा.

जुन्या ऑइलपेंटवर इमल्शन हवं असेल तर पॉलिश पेपर मारून प्रायमर लावावाच लागतो, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. घासताना भिंत ओली ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरात जास्त शिसं असू शकतं, आणि घरात लहान मूल असेल तर ती कोरडी धूळ नकोच.