यिर्गाचेफे सांगलीत करताना: कॉफी उत्तम, आधी पाणी बघा

इथिओपियाच्या दक्षिणेकडची यिर्गाचेफे. वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली; लाइट रोस्ट, म्हणजे हलकी भाजलेली. दुधाची दाट कॉफी ज्यांना लागते त्यांनी या पाकिटाच्या वाटेला जाऊ नये, कारण अंगानं ही चहाइतकी पातळ. पण नीट जमली तर कपातून जाईचा वास येतो, ईडलिंबाच्या सालीचा ताजेपणा येतो आणि कप निवत आला की पीचचा गोडवा लागतो. साखरेची गरज पडत नाही. दूध घातलं तर यातलं काहीच उरत नाही.

सांगलीत ही बिघडते ती बहुतेकदा पाण्यानं. बोअरच्या जड पाण्यातली बायकार्बोनेटं कॉफीतली आम्लं मारून टाकतात, आणि फळांचा सगळा स्वाद त्या आम्लांवरच उभा असतो. मग चव सपाट होते, जिभेवर राठ थर राहतो. उलट नुसतं आरओचं पाणी घेतलं तर कप पोकळ आणि टोचरा आंबट. दोन्ही मिसळा. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६०० आणि आरओचा २५ असेल, तर पाच भाग आरओला एक भाग बोअर. टीडीएस मीटरवर साधारण १२० दिसेल. मात्र मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर ते वापरूच नका, नळाचं पाणी गाळून घ्या.

व्ही६० साठी, म्हणजे पेपर फिल्टर लावून वरून पाणी ओतायच्या शंकूसाठी, १५ ग्रॅम बिया, २४० ग्रॅम पाणी. दळण जाड रव्याएवढं, आणि तेही हाताच्या बर ग्राइंडरवर, म्हणजे बिया दोन दातेरी चकत्यांत चिरडणाऱ्या गिरणीवर. मिक्सरमधून पीठ आणि कण्या एकदमच निघतात: पीठ कडवटपणा सोडतं, कण्या कच्च्या राहून आंबटपणा देतात. इथिओपियाच्या बियांची भुकटी तशीही जास्त पडते, पेपर तुंबतो. म्हणून चिकमगळूरच्या बियांना ठेवता त्यापेक्षा ग्राइंडरचे एक-दोन क्लिक (खाचा) जाड ठेवा.

सांगलीच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. केटल उतरवून थोडं थांबा, ९४-९५ पुरे. पेपर गरम पाण्यानं धुवा, ते पाणी फेका. आधी ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबा. फुगलेल्या चुऱ्याजवळ नाक न्या. जाई सगळ्यात स्वच्छ इथंच कळते. मग बारीक धारेनं एकूण १५० ग्रॅमपर्यंत, पातळी खाली बसली की एकूण २४०. तीन मिनिटांच्या आत गळून व्हावं. दोन मिनिटांतच गळलं तर आंबट लागेल, दळण बारीक करा. चार मिनिटं लागली तर तुरट होऊन घसा कोरडा पडतो. तेव्हा दळण जाड करा आणि धार खाली आणा, उंचावरून ओतल्यानं भुकटी ढवळून पेपरला चिकटते.

ओतल्या ओतल्या चाखून मत बनवू नका. वाफाळत्या कपात फक्त वास असतो, फळ कळतं ते ५०-५५ अंशांना.

पाकिटावरची रोस्टची तारीख बघा आणि दोन आठवडे जाऊ द्या. त्याआधी बियांत वायू इतका असतो की पाणी आत नीट शिरतच नाही.

उन्हाळ्यात खाली ९० ग्रॅम बर्फ, वरून १५० ग्रॅम गरम पाणी, दळण एक क्लिक बारीक. बर्फही त्याच मिसळलेल्या पाण्याचा हवा. ईडलिंबू यात गरम कपापेक्षा ठळक लागतं, जाई मात्र बरीच मागे पडते.