टार्पन स्प्रिंग्जचा खराखुरा स्पंज, सहा महिने वापरून

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या म्हणून एका रविवारी टॅम्पाहून फ्लोरिडातल्याच टार्पन स्प्रिंग्ज या गावी गेलो, पाऊण तास लागतो. डोडेकनीज बुलेव्हार्डवर ओळीने दुकानं आणि बाहेर टोपल्यांत स्पंजचे ढीग. आईंनी एक उचलला आणि म्हणाल्या, "अगं हे तर वाळलेलं घोसाळं!" दुकानातल्या काकांनी सांगितलं की हा समुद्रातला प्राणी, आपण अंगाला लावतो तो त्याचा सांगाडा. आईंनी जागच्या जागी खाली ठेवला.

मी वूल जातीचा स्पंज घेतला, मध्यम साइज. कोरडा असताना पाव शिळा झाल्यासारखा कडक, पाण्यात टाकला की फुगून एकदम मऊ. पहिल्या दोन-तीन आंघोळींना वाळूचे कण निघाले आणि थोडा समुद्राचा वास, मग काही नाही. साबण कमी लागतो, फेस भरपूर, अजून एक धागा सुटलेला नाही, फक्त पिळून उघड्यावर वाळवायचा. पांढराशुभ्र घेऊ नका, तो जास्त ब्लीच केलेला असतो, लवकर विरतो.

बोट राइडला मात्र मार्क कापणार. पितळी हेल्मेट घातलेला डायव्हर उतरला, स्पंज घेऊन वर आला, पोरं खूश, पण ज्याच्यामुळे हे सगळं उभं राहिलं त्या जॉन कोकोरिसचं नाव दोन वाक्यांत उरकलं. अरे तोच तर खरा माणूस! ग्रीसमधल्या लिओनिडिओचा, इथे जॉन चेनीच्या स्पंजच्या धंद्यात लागला. तेव्हा इथले लोक होडीतून वाकून, काचेच्या तळाच्या बादलीतून बघून, लांब काठीच्या आकड्याने स्पंज ओढायचे, म्हणजे उथळ पाण्यातलेच मिळणार. कोकोरिसला माहीत होतं की ग्रीसमध्ये माणूस डायव्हिंग सूट घालून, वरून पंपाने हवा घेत खोल उतरतो. 1905 मध्ये तेच इथे आणलं, भावांना बोलावलं, मग कालिम्नोस, सिमी, हाल्की अशा बेटांवरून डायव्हर शेकड्यांनी आले. आपल्याकडे एक जण गिरणीत चिकटला की मागोमाग अख्खं कोकण गिरणगावात यायचं ना, अगदी तसंच. माणसं आली तसं देऊळ पण आलं, 1907 चं सेंट निकोलस चर्च, आता उभं आहे ते 1943 चं. 6 जानेवारीला, एपिफनीच्या सणाला, पोरं पाण्यात टाकलेला क्रॉस शोधायला स्प्रिंग बायू नावाच्या इथल्या पाणवठ्यात उड्या मारतात, ते बघायला परत जायचंय. 1947 मध्ये रेड टाइडने, म्हणजे समुद्रात विषारी शेवाळ माजल्याने, स्पंज मेले आणि धंदा बसला, तरी गाव ग्रीकच राहिलं.

जेवण ठीक, बकलावा मात्र नुसता साखरेचा पाक. पार्किंगला सुटे डॉलर ठेवा. स्पंजला पाचपैकी पाच, राइडला तीन. आणि हो, आईंनी जाताना दोन स्पंज बॅगेत टाकले, एक शेजारच्या काकूंसाठी, "घोसाळं म्हणूनच देते" म्हणाल्या.