कॅरिअर गॅल्वनाइझ केलाय म्हणता, मग भोकं कुठायत?

आमची टेम्पो ट्रॅव्हलर १९९८ सालची. कंपनीचं नाव तेव्हा बजाज टेम्पोच होतं, फोर्स मोटर्स झालं ते २००५ मध्ये. वडिलांनी या गाडीवर वर्षानुवर्षं अष्टविनायकाच्या सहली केल्या. टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या, पातेली, एखाद्या आजींची वेताची खुर्ची आणि वरून सुतळीने करकचून बांधलेली ताडपत्री. मागच्या शिडीवरून चढून सामान लावायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे त्या लोखंडाशी माझी लहानपणापासूनची ओळख.

वडील गेल्यावर गाडी विकायला मन होईना. मग सीटा काढल्या, दोन बंक, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिची घरगुती कॅम्पर केली. (आरटीओतले हेलपाटे सांगत बसलो तर हा लेख तिथेच संपेल.) राहिला होता फक्त कॅरिअर. खालची जाळी गंजून पापुद्रे सुटले होते, पायांशी वेल्डिंग तडकलं होतं आणि पावसात छताच्या पन्हळीतून तांबडे ओघळ काचेवर उतरायचे. त्यावर तंबू, पाण्याचे कॅन आणि मुलांच्या सायकली टाकायच्या म्हणजे कॅरिअर धड हवाच.

पुणे–सोलापूर रस्त्यालगतच्या एका वर्कशॉपचा पत्ता ओळखीतून मिळाला. मालक बोलायला गोड. मी रंगाबद्दल विचारलं, तर म्हणाला, "साहेब, नुसता रंग मारून काय उपयोग? गंजलेले पाईप बदलू, सोळा गेजचे टाकू, सगळा सांगाडा झिंकमध्ये, म्हणजे वितळलेल्या जस्तात, बुडवून गॅल्वनाइझ करू, गंज धरणार नाही, आणि वरून पावडर कोटिंग. तुमची मुलं वापरतील." वडिलांची वस्तू, मुलं वापरतील... मी तिथेच विरघळलो. २८,००० रुपये ठरले. पंधरा हजार आगाऊ यूपीआयने दिले, उरलेले रोख द्यायचे. "पक्कं बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, बघा तुम्ही." मी बघितलं आणि पाच हजार वाचवले. पुढे तेच पाच हजार सगळ्यात महाग पडले.

तीन आठवडे रोज उद्या. मधे व्हॉट्सॲपवर एक फोटो आला: झिंकच्या हौदातून वर येणारे वाफाळते पाईप. ते माझे होते का, हे विचारायचं सुचलंही नाही. कॅरिअर ताब्यात मिळाला तेव्हा मात्र काळाभोर आणि नव्यासारखा चकचकीत. तिघांनी धापा टाकत उतरवलेला कॅरिअर दोन पोरांनी गप्पा मारत वर चढवला. मी म्हटलं, हलका झालाय का? मालक हसून म्हणाला, "गंज गेला ना साहेब सगळा!" आणि मी मान डोलावली. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. तिसऱ्या माणसाचा भार काय गंजाचा होता?

हिशेब साधा आहे, पण तेव्हा केला नाही. एक इंची, सोळा गेजचा पाईप म्हणजे जाडी सुमारे १.६ मिलिमीटर, मीटरला वजन साधारण ९४० ग्रॅम. त्याने बहुधा टाकला तो वीस गेजचा (गेजचा आकडा वाढला की जाडी कमी): जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास, वजन मीटरला जेमतेम ५५० ग्रॅम. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यातून टोकं वेल्डिंगने बंद केली की गेज दिसणार कुठून? देताना आणि घेताना कॅरिअर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला असता, तर तिथल्या तिथे बिंग फुटलं असतं. काढलेले जुने पाईप परत मागितले असते तरी त्याची पंचाईत झाली असती. ते त्याने कधीच भंगारात घातले होते.

जूनमध्ये ताम्हिणीतून माणगावमार्गे दिवेआगरला गेलो. चार दिवस धो धो पाऊस. चौथ्या दिवशी पांढऱ्या टपावर तेच जुने तांबडे ओघळ! जवळच श्रीवर्धनला खिडक्यांचे गज आणि गेट बनवणारे एक काका होते, त्यांच्याकडे गाडी नेली. काका शिडीवरून वर चढले, पाईपांवरून नुसता हात फिरवला आणि विचारलं, "हे बुडवून गॅल्वनाइझ केलंय म्हणालात ना? मग भोकं कुठायत?"

मला कळेना. काकांनी समजावलं. झिंकचा हौद असतो साधारण ४५० अंश सेल्सिअसवर. दोन्ही टोकं बंद असलेला पाईप त्यात बुडवला तर आतली हवा आणि ओल यांचा दाब वाढतो आणि पाईप फुटू शकतो. वितळलेलं झिंक कामगारांच्या अंगावर उडतं. म्हणून पोकळ वस्तूला आधी भोकं पाडतात: झिंक आत शिरायला, हवा बाहेर जायला. भोकं नसलेला बंद सांगाडा कुठलाही कारखाना हौदात घालणार नाही. माझ्या कॅरिअरला एकही भोक नव्हतं. म्हणजे तो हौदाच्या जवळपासही गेला नव्हता.

मग काकांना चेवच आला. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासलं, तर काळा रंग फडक्यावर. भट्टीत भाजलेलं पावडर कोटिंग असं हातासरशी उतरत नाही, हा साधा फवाऱ्याचा रंग होता. मग चुंबक आणलं. ते पाईपाला चिकटत होतं, पण पायांच्या जोडावर टेकवलं की गळून पडायचं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर आतून गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) निघाली. तडकलेलं वेल्डिंग तसंच ठेवून वर लांबी थापली होती, घासून गुळगुळीत केली होती. म्हणजे ताम्हिणीच्या वळणांवर दोन सायकली आणि चाळीस लिटर पाणी लांबीच्या भरवशावर होतं. रंगाचं एक वेळ सोडून देईन. हे नाही.

पुण्याला येऊन वर्कशॉप गाठलं. "समुद्राची हवा लागली साहेब, त्याला आम्ही काय करणार?" भोकांचं विचारलं तर म्हणे आम्ही वेगळ्या पद्धतीने करतो. बिलाचं काढलं की विषय संपायचा, कारण माझ्याकडे होती वहीच्या कागदावरची चिठ्ठी: 'कॅरिअर काम – २८,०००'. त्यावर ना गॅल्वनाइझिंग, ना गेज. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवली, पण त्याने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाची माहिती काढली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी लेखी नोटीस पाठवली. सोबत जोडलं ते एवढंच: यूपीआयचा तपशील, त्याचे व्हॉट्सॲपवरचे 'गॅल्वनाइझिंग झालं, उद्या कोटिंग' हे निरोप, आणि खरवडलेल्या जोडांचे फोटो. आठ दिवसांत मध्यस्थ आला आणि नऊ हजारांवर तडजोड झाली. आयोगात जायला हवं होतं असं बायको अजून म्हणते. मला सुट्ट्या नव्हत्या, दम नव्हता. तिचं बरोबर आहे.

कॅरिअर काकांनीच नव्याने बांधला. जुने उभे दांडे ठेवले, कारण वडिलांनी टाकलेले मूळ दांडे अजून ठणठणीत होते. सगळा रंग आणि लांबी ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांच्या जोरदार माऱ्याने, काढावी लागली, कारण गॅल्वनाइझिंगच्या आधीचं ॲसिड गंज खातं, रंग खात नाही. मग चाकणकडच्या एका कारखान्यात नेला. तिथे दर किलोवर. आत घेताना काट्यावर ठेवला आणि पावतीवर वजन लिहून दिलं, मी न मागता.

बुडवण्याआधी तिथल्या पोराने दांड्यांच्या टोकांना ड्रिल लावलं. दुसऱ्याच भोकातून बुडबुड आवाज करत पाण्याची बारीक धार लागली. चहासारखं तांबूस पाणी, दिवेआगरच्या पावसाचं असावं. पोरगा मला म्हणाला, "काका, सरका जरा, पँटीवर डाग पडेल." डाग पडला होताच.