पॉवर सीट बिघडली: आहे ती दुरुस्त करावी की जुन्या गाडीची अख्खी सीट बसवावी?

या पेचात असाल तर आधी फ्यूज आणि सीटखालचा कनेक्टर तपासा. सीट मागेपुढे होताना तिथली वायर ताणली जाते. कधीकधी बिघाड तेवढाच असतो.

बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण सीट जागची हलत नाही? मग बहुधा आतला प्लास्टिकचा गिअर झिजलाय किंवा मोटरची फिरकी गिअरपर्यंत नेणारी ड्राइव्ह केबल निसटलीय. अशा वेळी दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते. मेहनत मात्र आहे. सीट पार मागे अडकली असेल तर मागच्या बोल्टपर्यंत पाना पोचवणंच जिकिरीचं.

अख्खी सीट बदलायला खर्च जास्त आणि बोल्ट तर तेच काढायचे. शिवाय तीही वापरलेलीच, म्हणजे तिचा गिअर किती टिकेल याची खात्री नाही. वायरिंग जुळतं का, हे घेण्याआधी बघाच.

सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, तर कुठलाही मार्ग निवडा, बॅटरीची वायर काढून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.

एकाच दिशेची हालचाल बंद असेल तर दुरुस्ती करा. सीट ज्यावर सरकते ते रूळ वाकलेत, गंजलेत, फोमही बसलाय, तर दुसरी सीटच परवडते.