एसएसडीचं नाव चुकीचं दिसलं तर आधी पैसे परत मागा

नाशिकमध्ये सध्या स्वस्तात एसएसडी (कॉम्प्युटरमध्ये फाइली साठवायचा वेगवान ड्राइव्ह) शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझ्या धाकट्या भावाचा पंचवटीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या तोंडावर त्याने एका दुकानातून २ टीबीची एसएसडी घेतली. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, भाव बाजारापेक्षा बराच कमी. पक्कं बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी वर पडेल" म्हणून कच्ची चिठ्ठी हातात दिली.

बसवल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, कंपनीचा मॉडेल क्रमांक नाहीच, नुसतं 'एसएसडी २ टीबी'. दुकानदार फोनवर म्हणाला, "दादा, तुमचा ड्रायव्हर जुना आहे, म्हणून नाव चुकतंय. बिनधास्त वापरा."

ही शुद्ध थाप. विंडोज ते नाव मनाने लिहीत नाही, ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) जे भरलंय तेच वाचून दाखवतं. क्षमतेचा आकडाही तिथूनच येतो, म्हणजे तोही खोटा भरता येतो. (२ टीबीचे १.८१ टीबी दिसतात, ती मात्र फसवणूक नव्हे. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

फोटो कॉपी होताना एकही एरर आली नाही. पुढे उघडायला गेलो तर अर्धे फोटो करडे, व्हिडिओ चालेनात. मग मी एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर लावलं. ते रिकामा ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. २ टीबीला तासन्‌तास लागतात, पण लागू द्या. खरी जागा निघाली जेमतेम ११९ जीबी! बाकीचं एकतर हवेत जात होतं, नाहीतर आधीच्या फाइलींवरच गिरवलं जात होतं. एका घरच्या हळदीचे फोटो कायमचे गेले. त्या मुलीच्या आईला आम्ही काय सांगायचं?

ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'गुड' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, तेही ड्राइव्ह सांगेल तेच दाखवतं. पूर्ण भरून तपासल्याशिवाय कामाची एकही फाइल नव्या ड्राइव्हवर टाकू नका. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्याच. आमच्या चिठ्ठीवर तो नाही, म्हणून दुकानदार आता "हा माल माझा नव्हेच" म्हणतो.

यूपीआयची नोंद, खोकं आणि चाचणीच्या निकालाचा फोटो जोडून आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.